निसणा ते पॉलिशपेपर : ईटच्या मुलखातील धारेची खरेदी

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील बाजाराचे गाव. बालाघाटच्या पठारावरील इतर गावांप्रमाणे याही गावाच्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घराचा पाया, विहिरीचे बांधकाम, जाते, पाटा-वरवंटा, उखळ ही सगळी या दगडाची देणगी आहे. लोखंड घासायला मात्र तो जेमतेम पुरतो. मोहच्या मोजपट्टीवर त्याची कठिणता सहाच्या आसपास भरते आणि पाणी दिलेले चांगले पोलादही साधारण तेवढेच कठीण असते. ज्या गारेच्या कणांमुळे वालुकाश्माचा निसणा पोलाद खातो, ते कण या खडकात जवळजवळ नसतातच. खडकाच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि अकीक सापडतात, पण विखुरलेल्या खड्यांच्या रूपात. कुरुंद तर इथे नाहीच. त्यामुळे विळा-खुरपे पाजवण्यापुरता गावचा दगड चालला, तरी त्यापुढच्या प्रत्येक कामाला घासण्याचे कठीण साहित्य परमुलखातून विकत आणावे लागले. भूम, परंडा, खर्डा या टापूतील कारागिरांची काटकसर या एका गोष्टीतून घडली. घासण्याच्या साहित्याचा इथला इतिहास म्हणूनच खरेदीचाही इतिहास आहे.

या व्यवहारातले शब्द जुने आहेत. हातात धरून धार लावायचा दगड तो निसणा. फिरते चाक ती सान. लोहार तापवून, ठोकून टोक काढतो ते शेवटणे. धार घासून तीक्ष्ण करणे म्हणजे पाजवणे. घासण्याच्या साहित्यातला राजा कुरुंद. संस्कृतातील कुरुविंद आणि तमिळमधील कुरुंदम् ही या नावाची जुनी रूपे असून युरोपीय भाषांतील ‘कोरंडम’ हे नाव त्यांच्यावरूनच गेले. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील या दगडाबद्दल निबंध मांडला, तेव्हा युरोपातील खनिजशास्त्राने त्याची नीट दखल घेतली. भारतातील जवाहिरे आणि शिकलगार तो त्याआधी कित्येक शतके वापरत होते. मोहच्या मोजपट्टीवर कुरुंद नऊ, त्याच्या वर केवळ हिरा. कुरुंद सापडतो तो दख्खनच्या काळ्या पाषाणाबाहेरच्या जुन्या खडकांत : सेलमच्या आसपास, म्हैसूरच्या मुलखात, तेलंगणात खम्ममकडे, रेवा संस्थानच्या भागात आणि महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यातील पोहरा येथे. यातले एकही ठिकाण ईटपासून जवळ नाही.

दूरच्या साहित्यावर चालणारे कारागीर या जिल्ह्यात फार पूर्वीपासून होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठण आणि तगर या दोन मोठ्या बाजारपेठांची नावे येतात आणि पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड भडोच बंदराकडे जात असल्याचे सांगितले आहे. तेरच्या पांढरीत मिळालेले मणी तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. अकीकाचा खडा आधी टिचवून आकाराला आणायचा, घासून गोल करायचा, भोक पाडायचे आणि शेवटी झिलई द्यायची. अकीक घासायला त्याच्याइतकी किंवा त्याहून कठीण भुकटीच लागते. मण्याची किंमत ठरते ती दगडापेक्षा त्यावर झिजलेल्या भुकटीने आणि श्रमाने. खंबायतला हे काम आजही चालते आणि त्याची किंमत कारागिरांनी फुप्फुसांनी मोजली आहे. गारेची बारीक धूळ श्वासातून आत जाऊन होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराचा तिथे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यास केला आहे. स्वस्त दगडाचा हिशेब मांडताना ही बाजू वगळली, तर हिशेब खोटा ठरतो.

भूम तालुक्यातच मानकेश्वरचे शिवमंदिर आहे. त्यावरची शिल्पे काळ्या दगडाची असून छिन्नीनंतर दगडाने दगड घासत, वाळू आणि पाणी वापरत असे काम गुळगुळीत करण्याची रीत दख्खनमध्ये सर्वत्र होती. दगडाच्या कामात साहित्याचा खर्च थोडा, माणसाच्या दिवसांचा खर्च मोठा. लोखंडाच्या कामात हे प्रमाण बरेचसे उलटते, कारण चांगला निसणा आणि चांगली कानस पैसे मोजल्याशिवाय हाती येत नाहीत.

गावगाड्यात सुतार आणि लोहार हे पहिल्या मानाचे बलुतेदार. शेतकऱ्याची औते, नांगर, कुळव, तिफण दुरुस्त ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात ही व्यवस्था तिच्या सगळ्या अडचणींसह नोंदवली आहे. फाळ शेवटायला आणताना लोखंड शेतकऱ्याचे असे, कोळसाही पुष्कळदा त्याचाच आणि भाता ओढायला माणूसही त्याच्याच घरचा. कारागिराकडून यायचे ते कसब आणि वेळ. या वाटणीत एक अवघड जागा होती. झिजणारे साहित्य कारागिराचे असे. कानस, निसणा, करवतीचे दाते घासायची तीनधारी कानस यांना रोख पैसा लागे, आणि बलुत्याची ज्वारी कानशीच्या दुकानदाराला थेट देता येत नसे. जो कारागीर वर्षभर गावासाठी राबे, त्याला नव्या कानशीसाठी मात्र धान्य विकून रोकड उभी करावी लागे. बलुतेदारीविषयी लिहिताना धान्याच्या वाट्याची चर्चा पुष्कळ होते. या रोकडीच्या खर्चाकडे तेवढे लक्ष गेलेले नाही आणि ते जायला हवे.

म्हणूनच झिजलेली कानस कधी वाया जात नसे. कानस उत्तम पोलादाची. दाते गेले की ती लोहाराच्या भट्टीत जाई आणि तिची पटाशी, चाकू किंवा विळ्याचे पाते होई. सुताराच्या पेटीतील निम्मी धारेची हत्यारे अशा मेलेल्या कानशींमधून जन्मली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. काही कसबी लोहार कानस तापवून मऊ करीत, जुने दाते घासून काढत, छिन्नीने नवे पाडत आणि पुन्हा पाणी देत. हे काम नाजूक आहे. दात्यांचे अंतर सारखे पडले नाही, तर कानस कापत नाही, नुसती ओरखडते.

गावच्या लोहाराच्या जोडीला फिरस्ते होते. घिसाडी हा महाराष्ट्रभर भटकणारा लोहारकाम करणारा समाज. घिसणे म्हणजे घासणे, यावरून हे नाव आल्याची समजूत जुनी आहे. बैलगाडीत किंवा गाढवावर भाता, ऐरण आणि हातोडे लादून ही कुटुंबे बाजाराच्या गावाबाहेर पाल ठोकत. पुरुष लोखंड धरी आणि बाई घण मारी. विळे, खुरपी, कुऱ्हाडी तिथल्या तिथे घडवून, घासून मिळत. टाकणकार किंवा टाकारी जात्याला टाकी लावत फिरत. जाते गुळगुळीत झाले की पीठ चरचरीत येत नाही, म्हणून दगडाचे तोंड छिन्नीने पुन्हा खरखरीत करावे लागते. काळ्या पाषाणाच्या बाबतीत गावाचे अवलंबित्व इथे उलटे होते. दगड गावचा, कसब बाहेरचे. ईटसारख्या बाजाराच्या गावी हे सगळे फिरस्ते आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी भेटत, हाच अशा गावाचा आसपासच्या वाड्यावस्त्यांना मोठा आधार होता. एकट्या वाडीसाठी कुणी सान घेऊन येत नसे.

सान फिरवणारा खरा जाणकार म्हणजे शिकलगार. अरबीतील ‘सैकल’ म्हणजे झिलई, त्यावरून हे नाव पडले. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासून, चमकवून लढाईला सिद्ध करणे हे त्याचे काम, त्यामुळे जिथे फौजा तिथे शिकलगार. ईटचा परिसर फौजांच्या वाटेवरचा आहे. जवळच खर्डा आहे, जिथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. दक्षिणेला परंड्याचा किल्ला आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि आज विजापूरला असलेली ‘मुलूख मैदान’ तोफ मधल्या काळात याच किल्ल्यावर होती. फौजा ओसरल्यावर शिकलगारांच्या हाती विळ्या, सुऱ्या, कात्र्या आणि अडकित्ते आले. महाराष्ट्रात शिकलगार मुसलमानांत आहेत आणि शिखांतही. नांदेडच्या शीख शिकलगारांची परंपरा गुरु गोविंदसिंगांच्या फौजेशी नाते सांगते.

शिकलगाराची सान हे देशी कारागिरीतले एक सुंदर काम आहे. कुरुंद कुटून, वस्त्रगाळ करून त्याचे जाड-बारीक भाग वेगळे करायचे. कुसुम किंवा पळसावरची लाख तापवून मऊ करायची आणि तीत ही भुकटी गरम असतानाच मळायची. लगदा लाटून, दाबून, मधे भोक ठेवून त्याचे चाक करायचे. चाक आडव्या कण्यावर बसवले की एकजण वादी मागेपुढे ओढतो आणि दुसरा पाते टेकवतो. दोन हातांची गरज असल्याने हा धंदा बाप-लेकांचा किंवा नवरा-बायकोचा राहिला. लाखेच्या चाकाचा मोठा गुण असा की ते झिजले, तुटले, तरी फेकावे लागत नाही. तुकडे तापवून पुन्हा मळले की नवे चाक तयार होते. दूरच्या मुलखातून विकत आणलेल्या कुरुंदाचा कण न् कण त्यात कामी येतो. आजच्या कारखानी चाकांत हा गुण नाही. ती एकदा झिजली की संपली. पायाने फिरणाऱ्या सायकलीवर बसवलेली सान पुढे आली आणि दुसरा माणूस सुटला.

एकोणिसाव्या शतकात या खरेदीत सरहद्दीचा प्रश्न आला. धाराशिव-नळदुर्गचा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. १८५३ च्या तहाने तो काही वर्षे इंग्रजांकडे होता आणि मेडोज टेलर हा अधिकारी तिथला कारभार पाहत होता. १८६० मध्ये तो निजामाकडे परत गेला. बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. भूम-परंड्याची नैसर्गिक मोठी पेठ बार्शी आणि दोहोंच्या मधे परक्या राज्याची हद्द, अशी ही स्थिती होती. निजामाचे जकात खाते ‘करोडगिरी’ नावाने ओळखले जाई आणि बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीच्या साधारण शेकडा पाच दराने जकात पडे. नाणेही वेगळे. इंग्रजी रुपया कलदार, निजामाचा हाली. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सात हालींना सहा कलदार, हा प्रमाण दर. ज्या सुताराची कमाई हालीत होती, त्याला बार्शीतील कलदारातली कानस घेताना आधी नाण्याचा वटाव आणि नंतर जकात असे दोन भार सोसावे लागत. डझनांनी घेणाऱ्या व्यापाऱ्याला हा भार वाटून जाई. एकच नग घेणाऱ्या कारागिराला तो पुरता लागे. लहान खरेदी महाग पडते, हे या टापूने असे नाक्यावर शिकले.

बार्शीला माल येणे मात्र सोपे झाले होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुंदीची लोहवाट १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. मुंबईचा माल मोठ्या गाडीने कुर्डुवाडीला उतरे, तिथे छोट्या डब्यांत भरला जाई आणि बार्शीला येई. पुढे बैलगाडी. शेफिल्डच्या कानशी, करवतीची पाती आणि काचपेपर याच वाटेने पठारावर चढले. मुंबईत या मालाची पेठ म्हणजे नागदेवी स्ट्रीट आणि तिच्या भोवतालच्या गल्ल्या, पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी. गावच्या दुकानातला हत्याराचा नग या दोन ठिकाणांपैकी कुठून तरी आलेला असण्याची शक्यता आजही मोठी आहे. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीसाठी १९४७-४८ मध्ये सरहद्दीवर झालेल्या लढ्यात करोडगिरीची नाकी हल्ल्याचे एक लक्ष्य ठरली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यानंतरच्या काही वर्षांत नाके आणि हाली दोन्ही गेले. बार्शी आणि भूम यांच्यामधला व्यापार तेव्हा खऱ्या अर्थाने एका घराचा झाला.

काचपेपर येण्याआधी लाकूड गुळगुळीत करायचे ते रंध्याने, पात्याच्या कडेने खरवडून आणि पानांनी. पारिजातकाचे पान हाताला खरखरीत लागते आणि सुतार त्याने लाकूड घोटत. कोकणात खरवत नावाच्या झाडाची पाने याच कामासाठी वापरली जात. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग आहे. कागदावर काचेची भुकटी चिकटवून विकण्याचा कारखानी धंदा लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ च्या सुमारास उभा केला. ‘काचपेपर’ हा मराठी सुताराचा शब्द त्या जुन्या काचेच्या भुकटीची आठवण आहे. आज त्या कागदावर काच नसते, तरी नाव टिकले आहे. पुढे पॉलिशच्या कामाशी जोडला गेल्याने ‘पॉलिशपेपर’ हे नाव रूढ झाले.

घासण्याच्या साहित्याची किंमत जगभर पाडणारी घटना १८९१ ची. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांनी चिकणमाती आणि कोक यांच्या मिश्रणातून जोरदार वीजप्रवाह सोडला आणि त्यांना कुरुंदाहून कठीण असे चकचकीत स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम ही नावे जोडून त्यांनी त्याला कार्बोरंडम म्हटले. सुरुवातीला हा पदार्थ रत्ने घासणाऱ्यांना कॅरटच्या मापाने विकला जाई. नायगाऱ्याच्या धबधब्याची स्वस्त वीज मिळाल्यावर तो टनांनी निघू लागला. बॉक्साइट वितळवून केलेला कृत्रिम कुरुंदही थोड्याच वर्षांत आला. हजारो वर्षे खाणीवर अवलंबून असलेली वस्तू विजेच्या भट्टीत बनू लागली आणि कोणत्या मुलखाच्या जमिनीत काय आहे, याला उरलेले महत्त्व संपले. काळ्या पाषाणाच्या मुलखाची जुनी उणीव भरून निघाली ती अशी. १९२१ मध्ये पाण्यात खराब न होणारा कागद आला, ज्याला आज गॅरेजमध्ये वॉटर पेपर म्हणतात.

भारतात घासण्याची कारखानी चाके बनवण्याचा आरंभ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, उरणजवळच्या मोरा येथे १९४१ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाने विलायती मालाची वाट अडवली होती आणि देशात यंत्रशाळांची गरज वाढली होती. त्या उद्योगाचे पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झाले. मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यात कानशी बनू लागल्या. आयात परवान्यांच्या त्या काळात देशी माल मिळणे हीच मोठी सोय होती. खेड्यापर्यंत तो पोहोचायला विजेची आणि डांबरी सडकेची वाट पाहावी लागली.

दरम्यान नांगर बदलला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लाकडी नांगराचा फाळ शेवटण्याचे काम कमी झाले आणि लोहाराच्या दारी नट-बोल्ट, घासकाम आणि छिद्रे पाडणे आले. तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी आली. तिचे दगड एमरीच्या खड्यांचे, कारखान्यातून घडून आलेले. पण तेही झिजतात आणि त्यांनाही टाकी लावावी लागते. टाकणकाराचे जुने काम गिरणीवाल्याने स्वतःच्या हाती घेतले.

सुताराच्या हाती पॉलिशपेपर आला तो नऊ बाय अकरा इंची तावाच्या रूपात, आणि ताव वापरण्याची एक शिस्त त्याभोवती तयार झाली. कागदावरचा आकडा चाळणीचा. एक इंच लांबीत साठ भोके असलेल्या चाळणीतून उतरलेले कण ते साठ नंबर. आकडा मोठा तितका कण बारीक. ताव कधी कात्रीने कापत नाहीत, कारण कात्रीची धार जाते. करवतीच्या पात्याची कड टेकवून तो फाडतात. एका तावाचे चार तुकडे होतात. प्रत्येक तुकडा तिपेडी दुमडायचा, म्हणजे खरखरीत बाजू खरखरीत बाजूला भिडून आपोआप झिजत नाही आणि तीन तोंडे एकामागून एक वापरता येतात. सपाट जागी कागद लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळायचा, कारण बोटांच्या दाबाने तो जागोजाग झिजतो आणि लाकडातही खळगे पडतात. लाकडाचा भुसा कणांत अडकून कागद गुळगुळीत झाला, तर तो संपलेला नसतो. जुन्या रबरी चपलेच्या तळव्याने घासले की भुसा निघतो आणि कागद पुन्हा कापू लागतो. ऐंशीचा झिजलेला तुकडा टाकून देत नाहीत. तो कडा मारायला आणि रंगाच्या दोन हातांमध्ये हलका घासा द्यायला चालतो.

खरा पैसा मात्र नंबरांच्या क्रमात वाचतो. साठवरून एकदम दोनशेवीसवर उडी मारली, तर साठचे ओरखडे काढता काढता बारीक कागदाचे चार ताव जातात आणि ओरखडे राहतातच. साठ, शंभर, दीडशे, दोनशेवीस असे उतरत गेले, तर प्रत्येक कागदाला फक्त आधीच्या कागदाच्या खुणा पुसायच्या असतात. नवशिका पैसे वाचवायला मधला नंबर गाळतो आणि नेमका तिथेच जास्त खर्च करतो. ओल्या घासकामाचा क्रम वेगळा. गाडीच्या पत्र्यावर लांबी भरल्यावर रंगारी काळा वॉटर पेपर बादलीत भिजवून वापरतो. पाण्याने भुकटी वाहून जाते, कागद जास्त टिकतो आणि धूळही उडत नाही.

गेल्या काही दशकांत या टापूतील घासण्याच्या साहित्याचा मोठा ग्राहक सुतार राहिलेला नाही. ती जागा फॅब्रिकेशनच्या दुकानाने घेतली. लोखंडी दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरची औजारे, ट्रॉल्या, गोठ्यांची शेड ही कामे रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतात आणि तिथे दोन यंत्रे अखंड चालतात : चौदा इंची चाकाचे कटर आणि चार इंची हँड ग्राइंडर. यांच्या चकत्या राळेने बांधलेल्या, आत काचतंतूची जाळी असलेल्या असतात. चार इंची चकतीवर सेकंदाला ८० मीटर ही कडेच्या वेगाची मर्यादा आणि मिनिटाला सुमारे १५,२०० फेरे असे छापलेले असते. मधल्या धातूच्या कडीवर वापराची मुदतही असते, कारण राळ हवेतील ओल पिते आणि कालांतराने कमजोर होते. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या चकत्या स्वस्तात मिळाल्या, तरी घेऊ नयेत. राळेच्या नव्हे तर भाजलेल्या मातीच्या बांधणीच्या जाड चाकाची परीक्षा बाजारात मडके घेताना होते तशीच असते. लाकडाच्या मुठीने हलके वाजवायचे. खणखणीत आवाज आला तर चाक अखंड, बद्द आला तर आत तडा.

चकती किती रुपयांची, हा प्रश्न एकटा विचारला तर खरेदी फसते. उदाहरणादाखल, वीस रुपयांची एक चकती तीस काप देत असेल आणि पस्तीस रुपयांची सत्तर, तर पहिलीचा काप सदुसष्ट पैशांना पडतो आणि दुसरीचा पन्नास पैशांना. शिवाय हलकी चकती लोखंड कापण्याऐवजी तापवते, कडेला निळसर डाग पडतो, यंत्रावर भार येतो आणि कारागिराचा वेळ जातो. याचा अर्थ महाग ते चांगले असा नाही. गजाला, अँगलला साधी भुऱ्या कृत्रिम कुरुंदाची चकती पुरते. झिरकोनियाच्या दाण्यांची महाग चकती तिथे उधळपट्टी आहे, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवर मात्र तीच स्वस्त पडते. दगड, फरशी, काँक्रीटला सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे कार्बोरंडमचे, चाक लागते. खरेदीतले शहाणपण एवढेच की प्रत्येक चकतीवर किती काम झाले याची खूण शेडच्या खांबावर खडूने करत जायची. दोन-तीन खोक्यांनंतर कोणता माल परवडतो हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

दुसरा मार्ग एकत्र खरेदीचा. एका दुकानाला महिन्याला पाच-दहा चकत्या लागतात, आणि खोक्यात त्याहून जास्त असतात. तीन-चार दुकानांनी मिळून खोके घेतले की घाऊक दर मिळतो आणि बार्शी, सोलापूर किंवा पुण्याची एक फेरी चौघांत वाटली जाते. करोडगिरीच्या काळात एकेक नग घेणाऱ्याला जो भार पडे, त्याची जागा आता वाहतुकीने आणि किरकोळ नफ्याने घेतली आहे. गावच्या दुकानातून घेण्याचाही एक पक्का फायदा आहे. तिथे उधारी चालते आणि काम अडले तर एक चकती लगेच मिळते. लग्नसराईच्या आधी दरवाजे-जाळ्यांचे काम दाटते, तेव्हा ही सोय घाऊक दरापेक्षा मोलाची ठरते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहार आणि सुतार यांच्यासह १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. मदत योग्यच आहे. पण यंत्र एकदा येते आणि चकती दर आठवड्याला लागते. बलुत्याच्या काळात कानशीच्या रोकडीवर जी अडचण होती, ती या झिजणाऱ्या साहित्याच्या खर्चात अजून तशीच आहे.

घासण्याचा आणखी एक विभाग घरातला. गोवरीची राख, विटकरीची भुकटी आणि नारळाचा काथ्या यांनी भांडी घासली जात. कल्हईवाला वाळू टाकून भांड्यात उभा राही आणि पायांनी गोल फिरून ते लख्ख करी, मग नवसागर आणि कथील. मग तारेची घासणी आली आणि तिच्यामागून नायलॉनच्या धाग्यांत घासणारे कण अडकवलेली हिरवी घासणी. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो आणि खव्याच्या कढईला दूध चिकटते, करपते; तिथे रोज घासणीचे काम पडते. हीच घासणी यंत्रशाळेतही शिरली. पत्र्याला रंगाआधी हलका घासा देणे, स्टीलच्या कठड्यावर एकसारखी रेघ उमटवणे, अॅल्युमिनियमवरचा मळ काढणे ही कामे ती कागदापेक्षा बरी करते, कारण ती वाकड्यातिकड्या जागी बसते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. स्वयंपाकघरातील घासणीत कण बारीक आणि कमी, कारखान्यातील घासणीत जाड आणि जास्त. रंगावरून प्रत ओळखायची रीत आहे, पण रंग प्रत्येक कंपनीचा निराळा, म्हणून पाकिटावरचा मजकूरच वाचावा लागतो.

झिजून बारीक झालेली चार इंची चकती फॅब्रिकेशनवाला फेकत नाही. जिथे नवी चकती शिरत नाही अशा अरुंद कोपऱ्यातली खाच तिने मारतो. बेंच ग्राइंडरच्या भाजलेल्या चाकाचा तुकडा पडला, की ते चाक यंत्रावर पुन्हा चढवायचे नसते. तो तुकडा शेतकरी मागून नेतो. ज्वारीच्या काढणीला, उसाच्या तोडीला बांधावर बसून विळा, कोयता पाजवायला तो वर्षानुवर्षे पुरतो आणि त्याला निसणाच म्हणतात.